कारखान्यात एचआर विभाग उभा करताना: लहान-मध्यम उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं तीस ते तीनशे माणसांच्या कारखान्यांसाठी आहेत: मशीन शॉप, फौंड्री, पॅकेजिंग, अन्नप्रक्रिया वगैरे. गेली वीस-बावीस वर्षं मी पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या एमआयडीसींमध्ये हेच काम करतोय. मालक मंडळी केबिनमध्ये जे विचारतात आणि चहा संपल्यावर गाडीकडे जाताना जे हळूच विचारतात, ते दोन्ही इथे घेतलंय.

आमच्याकडे चाळीसच माणसं आहेत. एचआर हवाच कशाला?

एचआरचं काम तुमच्याकडे आत्ताही चालू आहे. हजेरी सुपरवायझर लिहितो, पगार अकाउंटंट काढतो, नवीन पोरगा जुना ऑपरेटर गावाकडून आणतो, पीएफचं चलन बाहेरचा कन्सल्टंट भरतो आणि भांडण तुमच्या टेबलावर येतं. या पाच जणांपैकी एकालाही पूर्ण चित्र माहीत नसतं. एखाद्या कामगाराचं आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नाही, हे तो नोकरी सोडून पैसे काढायला जातो तेव्हा कळतं. तोवर दुरुस्तीसाठी त्याला चार खेटे घालावे लागतात आणि गावात तुमचं नाव होतं ते वेगळंच.

कायद्याचं गणित तुमच्या सोयीने चालत नाही. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) आणि लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती लागते. वीस झाली की पीएफ, बोनस आणि तक्रार निवारण समिती. पन्नासला पाळणाघर. म्हणजे चाळीसवर असताना तुम्ही निम्म्याहून जास्त पायऱ्या चढलेले आहात.

पूर्णवेळ माणूस मात्र साठ-सत्तरच्या आसपास ठेवावा, असं माझं मत. त्याआधी आठवड्यातून दोन दिवस येणारा अनुभवी माणूस आणि आत एक नीटनेटकं काम करणारा क्लार्क पुरतो. गेटवर समोर आलेल्या कामगाराचं नाव तुम्हाला आठवेनासं झालं की समजा, वेळ झाली.

पर्सोनेल, टाइम ऑफिस, अ‍ॅडमिन आणि एचआर, यात फरक काय?

दारावरची पाटी बदलत गेली, एवढाच फरक बऱ्याच ठिकाणी असतो. पण पाटीचा इतिहास माहीत असलेला बरा.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये भरती, हजेरी, उचल, शिस्त सगळं जॉबरच्या हातात असायचं. आपल्या गावची, आपल्या ओळखीची माणसं तो आणायचा आणि त्याबद्दल त्यांच्याकडून दस्तुरी घ्यायचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि त्यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. तोवर आठवड्याची हक्काची सुट्टी ही कल्पनाच नव्हती. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांची पाळी आणि १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला, तोही कायदा येण्याच्या कितीतरी आधी. मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्याच पैशातून समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. तिथून लेबर ऑफिसर, मग पर्सोनेल मॅनेजर आणि नव्वदच्या दशकात एचआर.

आजही लहान कारखान्यात तो जॉबर जिवंत असतो. त्याचं नाव आता सुपरवायझर किंवा कॉन्ट्रॅक्टर. भरती कोणाची, ओटी (जादा तासांचं काम) कोणाला, सुट्टी कोणाची मंजूर, हे त्याच्या मर्जीवर चालत असेल तर तुमच्याकडे एचआर नाही, पाटी कितीही मोठी असू द्या. विभाग उभा करायचा म्हणजे या तीन गोष्टी एका माणसाच्या मर्जीतून काढून लिहिलेल्या नियमात आणायच्या.

पहिला एचआर माणूस कसा निवडावा? भाच्याने नुकतंच एमबीए केलंय.

भाच्याला दुसऱ्याच्या कारखान्यात तीन वर्षं काम करू द्या, मग घ्या. तो हुशार असेलही, पण त्याच्यासमोर कोणी कामगार तुमच्या सुपरवायझरविरुद्ध तोंड उघडणार नाही.

एमएसडब्ल्यू (समाजकार्य), एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंट), एमबीए, कामगार कायद्याचा पदविका अभ्यासक्रम, यांपैकी काहीही चालतं. मुलाखतीत मी एकच गोष्ट हमखास करतो. पगाराची एक पावती समोर ठेवतो आणि सांगतो, 'मी सातवी पास हेल्पर आहे. माझा हजेरीचा एक दिवस कापलाय आणि पीएफही कापलाय. मला समजावून सांगा.' निम्मे उमेदवार इंग्रजीत शिरतात. काही जण चिडतात. जो खुर्ची जवळ ओढून कागदावर बोट ठेवून सांगायला लागतो, तो आपला.

त्याने थेट तुम्हाला रिपोर्ट करावं. अकाउंट्सखाली बसवलात तर तो पगारवाटपाचा कारकून होतो आणि प्रॉडक्शन मॅनेजरखाली बसवलात तर माणसं पुरवणारा एजंट.

सुरुवात कुठून करू? प्रशिक्षण, मूल्यमापन, 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'?

पगारापासून. वाढीचं नंतर बघू. आधी पगार ठरल्या तारखेला, बरोबर आणि समजेल असा मिळाला पाहिजे. पहिले सहा महिने एवढंच केलंत तरी मी म्हणेन विभाग उभा राहिला.

तारखेचं आधी. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत दिला पाहिजे, असं कायदा सांगतो. कामगाराच्या घरी बचत गटाचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, मुलाची फी सगळं त्या तारखेला बांधलेलं असतं. माझ्या एका जुन्या नोकरीत पगार कधी सातला, कधी बाराला, कधी 'पार्टीचं पेमेंट आलं की' असा व्हायचा. लोक सोडून जायचे आणि मालक मला वाढदिवसाला केक आणायला सांगायचा. केक खाऊन लोक गेले.

मग हजेरी. चेहरा ओळखणारं मशीन लावलंत तरी दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या सुमारास कच्ची हजेरी नोटीस बोर्डावर लावा. 'माझी बारा तारखेची सेकंड शिफ्ट दिसत नाही' हे पगाराआधी कळलं तर दोन मिनिटांचं काम, पगारानंतर कळलं तर दोन दिवसांचं भांडण.

ओटीचा हिशेब सगळ्यात जास्त चुकवला जातो, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून. कायद्याने ओटीचा दर दुप्पट आहे. समजा एखाद्याचा महिन्याचा पगार १५,६०० रुपये. २६ ने भागलं की दिवसाचे ६००, आठ तासांनी भागलं की तासाचे ७५. ओटीचा तास १५० रुपयांना पडायला हवा. 'आमच्याकडे ओटी सिंगल आहे, सगळीकडे तसंच आहे' हे मी शंभरदा ऐकलंय. सगळीकडे तसंच असेल तर सगळीकडची तक्रार कामगार आयुक्तालयात एकाच दिवशी जात नाही; जाते ती तुमच्याकडून भांडून गेलेल्या एका माणसाची.

आणि उचल. उचलीला विरोध करू नका, ती बंद होणार नाही. फक्त तिची वही एकच ठेवा, कमाल मर्यादा ठरवा, हप्ता कामगाराच्या सहीने लिहून घ्या. पगारातून होणारी सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त जाऊ नये, हेही कायद्यात आहे. शेठच्या खिशातून, अकाउंटंटकडून आणि कॉन्ट्रॅक्टरकडून अशी तीन ठिकाणची उचल घेतलेला माणूस दिवाळीनंतर परत येत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल.

पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटीचे आकडे एकदा मराठीत सांगा ना.

पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. वेतनमर्यादा १५,००० रुपये धरली तर दोघांचे प्रत्येकी १,८००. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफच्या खात्यात. कामगार पासबुक बघतो, त्याला स्वतःचे १,८०० आणि मालकाचे फक्त ५५० दिसतात आणि तो म्हणतो, 'शेठने पैसे खाल्ले.' हा संशय मी प्रत्येक कारखान्यात पाहिलाय. तो दूर करायला वर्षातून एकदा अर्ध्या तासाची बैठक पुरते, आणि जेवणाच्या सुट्टीत ती घेणं एचआरच्या माणसाचं काम आहे.

ईएसआय महिन्याला २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. १८,००० वाल्याचे १३५ कापले जातात, तुम्ही ५८५ भरता. त्याच्या घरच्यांची नावं, फोटो, दवाखाना हे सगळं नोंदवलंय का, ते तपासा. बाळंतपणाच्या किंवा अपघाताच्या रात्री कार्ड अपुरं निघालं तर ती चूक विसरली जात नाही. पीएफ आणि ईएसआय दोन्हीची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५.

ग्रॅच्युइटीचं सूत्र: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. २०,००० वर दहा वर्षं झालेल्या माणसाचे सुमारे १,१५,३८५ रुपये होतात. कमाल मर्यादा २० लाख. ही रक्कम दरवर्षी बाजूला काढून ठेवली नाहीत, तर जुनी पाच माणसं एकाच वर्षी निवृत्त झाली की डोळ्यांपुढे तारे चमकतात.

बोनस किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. हिशेब ७,००० रुपयांवर किंवा किमान वेतनावर, यातलं जे जास्त असेल त्यावर. आजच्या किमान वेतनात ७,००० कधीच मागे पडलेत, तरी जुनं कोष्टक तसंच चालवणारे मी पाहिलेत.

व्यवसाय कर महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २,५००. म्हणूनच महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या अकाउंटंटला वाचून दाखवा.

नवीन श्रम संहितांमुळे सगळं बदललं म्हणतात. नेमकं काय बदललं?

२९ जुने कायदे चार संहितांमध्ये आणले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. लहान कारखान्याच्या दृष्टीने पाच-सहा गोष्टी लक्षात ठेवा.

प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागतं, हेल्परलाही. 'वेतन' या शब्दाची व्याख्या एकच झाली आणि भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून वर गेला तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन आठ हजार आणि बाकी दहा भत्ते, ही जी जुनी युक्ती होती तिची हवा गेली. ग्रॅच्युइटीचा हिशेबही त्यामुळे वाढतो. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी. माणूस सोडून गेला किंवा काढला, तर त्याचं राहिलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत. भरपगारी रजेसाठी आधी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८०. महिलांना रात्रपाळीत ठेवता येतं, पण त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करून.

तुमच्या कन्सल्टंटला एकच प्रश्न विचारा: 'आमचं पगाराचं कोष्टक नव्या व्याख्येत बसवून दाखवा.' तो 'बघू' म्हणाला तर दुसरा कन्सल्टंट बघा.

नेमणूकपत्रात काय लिहावं? वकिलाकडून बारा पानी आणलंय.

बारा पानी पत्र कामगार वाचत नाही आणि गरज पडली की तुम्हालाही सापडत नाही. दोन पानं पुरतात, मराठीत: हुद्दा, कामाची जागा, रुजू होण्याची तारीख, परिवीक्षेचा काळ, पगाराची फोड, पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, नोटीसचा काळ. परप्रांतीय कामगार असेल तर हिंदीत. 'कंपनी सांगेल ती सर्व कामे' हे वाक्य राहू द्या, पण त्याच्या जोरावर फिटरला साहेबांच्या बंगल्यावर माळीकामाला पाठवू नका.

माणसंच मिळत नाहीत. आणि स्थानिक पोरं टिकत नाहीत.

'स्थानिक पोरं टिकत नाहीत' म्हणणाऱ्या मालकाला मी विचारतो, किती आली, किती गेली, कितव्या दिवशी गेली? आकडे कोणाकडेच नसतात. एका कारखान्यात आम्ही मागच्या वर्षभराची यादी काढली, तर सोडून गेलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या तीन आठवड्यांत गेलेले निघाले. फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) धुळीत आणि आवाजात पोराला पहिल्याच दिवशी उभं केलं जात होतं, बूट नाहीत, मास्क नाही, जेवायला कुठे बसायचं ते कोणी सांगितलं नाही. डबा हातात घेऊन तो गेटजवळच्या कट्ट्यावर एकटा बसलेला मी पाहिलाय. अशा नोकरीतून मीही पळालो असतो.

तिथे आम्ही एवढंच केलं: पहिले दोन आठवडे प्रत्येक नव्या मुलाला एक जुना कामगार जोडून दिला. त्याला आम्ही 'जोडीदार' म्हणायचो. तीन महिने नवा टिकला तर जोडीदाराला पाचशे रुपये. बूट, मास्क, कानात घालायचे प्लग रुजू होण्याच्या दिवशीच. पळापळ थांबली नाही, पण निम्म्यावर आली.

भरती कुठून करायची? जवळच्या आयटीआयच्या निदेशकांशी ओळख करून घ्या. जाहिरातीपेक्षा त्यांचा शब्द खात्रीचा. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं तसंही बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. त्यांना झाडू मारायला लावलं नाहीत तर उद्याचे ऑपरेटर तिथेच तयार होतात. कामगारांच्या ओळखीतून येणारी माणसं चांगली असतात, पण एकाच भावकीतली सात माणसं एकाच पाळीत नकोत. एका घरात लग्न निघालं की सीएनसीची आख्खी लाइन बंद.

पेरणी, जत्रा, लग्नसराई. गैरहजेरीवर काय उपाय?

हा प्रश्न पुस्तकातल्या एचआरला कळतच नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या कामगाराच्या घरी बहुधा थोडी तरी शेती असते. जूनमध्ये पेरणी, पुढे उसाला पाणी द्यायची पाळी, चैत्रात जोतिबाची यात्रा, गावची जत्रा, मे महिन्यात लग्नं. कोकणातला कामगार गणपतीला जाणार म्हणजे जाणार. त्याला 'रजा नामंजूर' लिहून देणं म्हणजे कागद वाया घालवणं.

मग उपाय काय? जानेवारीतच प्रत्येकाकडून वर्षाची रजा लिहून घ्या: तुमची जत्रा कधी, पेरणीला किती दिवस लागतात, घरात लग्न आहे का. ती भिंतीवर लावा. एका पाळीतले चार जण एकाच आठवड्यात दिसले तर तेव्हाच बोलून दोघांना मागेपुढे करता येतं. गिऱ्हाइकाला वेळापत्रक देताना तुमचा प्लॅनिंगवालाही तो तक्ता बघेल. ज्याने लिहिलेल्या तारखेलाच सुट्टी घेतली त्याला पुढच्या वर्षी पहिली पसंती. शंभर माणसं आणि महिन्याचे २६ दिवस म्हणजे २,६०० मनुष्यदिवस. त्यात २६० खाडे म्हणजे १० टक्के. खाडे कमी झाले नाहीत तरी चालेल, ते आधी माहीत झाले तर निम्मं नुकसान टळतं.

न सांगता दांडी मारणारा वेगळा. त्याला पत्र, मग बोलावणं, मग पुढची कारवाई. पण या दोघांना एकाच काठीने हाणू नका.

एचआर नेमका कोणाचा? मालकाचा की कामगारांचा?

पगार मालक देतो, म्हणून कामगार त्याला मालकाचा माणूस समजतात. कामगारांची बाजू मांडतो, म्हणून मालकाला वाटतं हा युनियनचा आहे. दोन्हीकडून थोड्या शिव्या खातोय, म्हणजे काम बरं चाललंय, असं आमच्या पेशात गमतीने म्हणतात.

माझं उत्तर सांगतो. तो तुमच्या शब्दाचा माणूस आहे. तुम्ही गणेशोत्सवात माइकवर म्हणालात, 'यंदा सगळ्यांना पाचशे रुपये वाढ.' टाळ्या पडल्या. आता तो शब्द कोणी लिहून ठेवायचा, कोणत्या महिन्यापासून, कंत्राटी माणसांना धरून की सोडून, हे तुम्हाला त्याच संध्याकाळी कोणी विचारायचं, आणि दिवाळी उलटून गेली तरी वाढ दिसली नाही तर केबिनमध्ये येऊन आठवण कोणी करायची? ज्या कारखान्यात हे विचारायची एचआरला मुभा नसते, तिथे माणसं कितीही नेमली तरी विभाग होत नाही. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा: मी दिलेला शब्द विसरलो तर मला चारचौघांत नको, पण दार लावून आठवण करून दे. आणि तो करून देईल तेव्हा चिडू नका. इथे बहुतेक मालक नापास होतात. मी काम केलेल्यांपैकी दोघेच पास झाले.

तक्रारपेटी लावली, पण रिकामीच असते.

कॅमेऱ्याच्या खाली लावली असेल. थट्टा नाही, एकदा खरंच तसं सापडलं होतं.

पेटीवर विसंबू नका. वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागतेच: दोन्ही बाजूंचे सारखे प्रतिनिधी, जास्तीत जास्त दहा सभासद, महिला कामगारांना त्यांच्या प्रमाणात जागा, तीस दिवसांत निकाल. पण खऱ्या तक्रारी समितीपुढे येत नाहीत. पाण्याचा कूलर बंद आहे, संडासाची कडी तुटलीय, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस मिळत नाही, या गोष्टी लाइनवर फेरी मारताना कळतात. एचआरने रोज एक तास फ्लोअरवर घालवावा आणि आठवड्यातून एकदा रात्रपाळीला जावं. ऐकलेली गोष्ट वहीत लिहावी आणि तिचं काय झालं ते त्याच माणसाला जाऊन सांगावं, 'होणार नाही' असेल तरी.

लैंगिक छळाविरुद्धची समिती फक्त कागदावर आहे. चालेल?

नाही. २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी लागू आहे, आणि समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सभासद महिला, आणि एक सभासद बाहेरची, महिलांच्या प्रश्नावर काम करणारी. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी पूर्ण.

'आमच्याकडे बायका सहाच आहेत, त्याही पॅकिंगला' असं म्हणून विषय संपत नाही. त्या सहा जणींना समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन नंबर माहीत आहे का, एवढं उद्या विचारून बघा. मालकाच्या पत्नीला अध्यक्ष करू नका; नवऱ्याच्या लाडक्या मॅनेजरविरुद्ध तिच्याकडे कोण जाईल?

कामगार ऐकत नाही. 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं तर काय होतं?

तो कामगार न्यायालयात जातो. चौकशी न करता काढलं हे सिद्ध झालं, तर त्याला परत घ्या आणि मधल्या काळाचा पगार द्या, असा आदेश होऊ शकतो. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा याच कामासाठी वर्षानुवर्षं वापरला गेलाय. आणि तोंडी काढलेल्या माणसाच्या बाजूने बाकीचे उभे राहतात, तो कितीही कामचुकार असला तरी.

योग्य रस्ता लांब आहे पण अवघड नाही. घडलं तेव्हाच लेखी नोंद. खुलासा मागणारं पत्र. गंभीर असेल तर आरोपपत्र. मग खात्याअंतर्गत चौकशी: चौकशी अधिकारी तक्रार करणारा नसावा, कामगाराला साक्षीदार तपासता यावेत, सगळं त्याला समजणाऱ्या भाषेत व्हावं. चौकशीपर्यंत निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून, पुढे उशीर त्याच्यामुळे होत नसेल तर ७५ टक्के.

बहुतेक प्रकरणं खुलाशाच्या पत्रावरच मिटतात. पत्र हातात पडलं की माणूस बसून बोलतो, आणि त्या बोलण्यात कधी दारू निघते, कधी कर्ज, कधी सुपरवायझरची अरेरावी.

पगारवाढ कशी ठरवू? आत्तापर्यंत मीच डोक्याने ठरवत आलो.

डोकं चांगलं असेल, पण चाळीस माणसांनंतर ते ओळखीच्या चेहऱ्यांना जास्त देतं. कौशल्याचा तक्ता करा. डावीकडे नावं, वर मशीनं आणि कामं. प्रत्येक चौकोनात चारपैकी एक खूण: शिकतोय, मदतीने करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. तो तक्ता लाइनवर लावा. वाढीचा एक भाग सगळ्यांना सारखा, महागाईसाठी. दुसरा भाग खुणा वाढल्या त्याप्रमाणे. 'माझ्यापेक्षा त्याला जास्त का?' या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर असेल. ऑफिसमधल्या लोकांसाठी पाच गुणांच्या मापनपट्ट्या वगैरे आणायची घाई नको. वर्षातून दोनदा दार लावून अर्धा तास नीट बोललात तरी खूप.

कंत्राटी माणसांचं कॉन्ट्रॅक्टर बघेल ना?

त्याने बघावं, पण त्याने पगार बुडवला किंवा पीएफ भरला नाही तर मूळ मालक म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. दर महिन्याला त्याचं बिल पास करण्याआधी पीएफ आणि ईएसआयची चलनं, माणसांच्या नावांच्या यादीसह, मागा. यादीतली नावं आणि गेटवरची हजेरी जुळवून बघा. ही एक सवय लावली तर निम्मे कॉन्ट्रॅक्टर आपोआप गळतात.

सॉफ्टवेअर कधी घ्यावं?

तुमची एक्सेलची फाइल सलग सहा महिने बिनचूक चालली की. त्याआधी घेतलंत तर चुका फक्त वेगाने होतील.

विभाग चांगला चाललाय हे कसं ओळखू?

चार आकडे महिन्यातून एकदा एका पानावर मागवा. नव्यांपैकी किती जण ९० दिवसांच्या आत गेले. खाड्यांचं प्रमाण, त्यात आधी सांगितलेले किती आणि न सांगितलेले किती. पगारात किती दुरुस्त्या कराव्या लागल्या. आणि किती किरकोळ अपघात नोंदले गेले; हा आकडा सतत शून्य येत असेल तर आनंदू नका, नोंदच होत नसेल.

वर्षाअखेरीला वार्षिक स्नेहसंमेलनाचे फोटो दाखवले गेले आणि हे पान दाखवलं गेलं नाही, तर पान मागा.

चांगला ऑपरेटर सोडून चाललाय. त्याचा हिशेब थोडा अडकवून ठेवला तर थांबेल का?

थांबणार नाही, आणि बाकीचे बघत असतात. राहिलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्या. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख त्याच महिन्यात टाका. ती टाकली नाही की त्याचे पैसे अडतात. अनुभवाचं पत्र द्या, ग्रॅच्युइटी बसत असेल तर अर्जाची वाट न बघता हिशेब करून ठेवा. शेवटच्या दिवशी एचआरने त्याला दहा मिनिटं बसवून विचारावं की का जातोय. 'घरगुती कारण' हे पहिलं उत्तर सगळेच देतात. दुसरा चहा मागवा.

एका फौंड्रीतून गेलेला मोल्डर दोन वर्षांनी परत आला होता. पुण्यात जास्त पगार होता, पण खोलीभाडं आणि बसचा प्रवास परवडेना. येताना सोबत चुलत भावाला घेऊन आला. आधीच्या हिशेबाचा कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'साहेब, जुना टोकन नंबर मिळेल का?' आम्ही दिला.